तिले इचारलं का?

मागच्या महिन्यात अकोल्याच्या बाजारात एक गृहस्थ एकटेच वांगी घेत होते. भाजीवालीने विचारलं, भरताची देऊ की भरायची? त्यांनी बेधडक भरताची सांगितली. तिने वांगं हातात तसंच धरलं आणि म्हणाली, "तिले इचारलं का?" शेजारचा कांदेवाला हसला, मी हसलो, गृहस्थही हसले आणि बाजूला होऊन त्यांनी घरी फोन लावला. भरायची निघाली.

आमच्या वऱ्हाडात हे तीन शब्द आता कशालाही लागतात. पोळ्याला बैलांसमोर म्हणायच्या झडत्यांमध्ये ते आहेत, ऑटोच्या पाठीवर आहेत, वरातीच्या बँडवर आहेत. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पायचीत दिलं की फलंदाज पंचाला म्हणतो, "पायाले इचारलं का?" एखाद्या म्हणीची आई कोण हे जसं कुणी विचारत नाही, तसं या शब्दांचंही कुणी विचारत नाही. मला मात्र दर वेळी कुसुम धर्माळे बाई आठवतात. बाई आता नाहीत. हे शब्द पहिल्यांदा छापले गेले ते मी ज्या वर्तमानपत्रात उपसंपादक होतो तिथे, आणि तेही चुकीचे छापले गेले.

बाई डॉक्टर होत्या, बायकांच्या आजारांच्या. अकोल्यात स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत संसार, म्हणजे एक पलंग, एक मांजर आणि कॅसेटांची कपाटं. पण गाव त्यांना ओळखायचं ते वेगळ्या कारणाने. लग्न झालेल्या बायका दिवा मालवल्यावरच्या संसारात काय सोसतात आणि त्यांना काय आवडतं, याची चौकशी त्यांनी तरुणपणापासून चालवली होती. आमच्या भागात त्याआधी हे कुणी केलं नव्हतं. आमच्या घरी त्यांचं नाव निघालं की आई गॅस बारीक करायला उठायची. कधीकधी गॅस चालूच नसायचा.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. एका सत्काराच्या कार्यक्रमात तालुक्याच्या एका पुढाऱ्याने त्यांना भर मांडवात छेडलं होतं, की तुमी लग्न नाही केलं, मंग तुमाले याच्यातलं काय माहीत? बाई माइक ओढून म्हणाल्या, "माहीत नाही, म्हनूनच तं इचारत फिरते. तुमाले वाटते तुमाले माहीत हाय, म्हनून तुमी इचारतच नाही." पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. ती पदरात तोंड घालून इतकी हसली की शेवटी तिला पाणी द्यावं लागलं.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शेतकरी घरातली ही मुलगी नागपूरला शिकली, पण बोली तिने सोडली नाही. आम्ही वकिलांच्या, भिक्षुकांच्या घरातले लोक शुद्ध बोलण्याचा सराव केलेले. बाई समोर आल्या की आमचं शुद्ध बोलणं आम्हालाच खोटं वाटायला लागायचं. माझे वडील वकील होते, म्हणून मी केस पिकेपर्यंत त्यांच्यासाठी 'वकिलाचं पोट्टं' राहिलो. राग आला की 'बह्याडा', म्हणजे वेड्या, म्हणायच्या. प्रेम आलं तरी तेच म्हणायच्या, त्यामुळे नेमकं काय आलंय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

त्यांची चौकशीची पद्धत त्यांच्याइतकीच अफलातून होती. प्रश्नांचा कागद घेऊन त्या कधी कुणासमोर बसल्या नाहीत. उन्हाळ्यात कुठल्या वाड्यावस्तीत पापड चालले असतील तिथे जायच्या, पोळपाट ओढायच्या आणि पापड लाटायला लागायच्या. पापड त्यांना जन्मात आला नाही. एकीकडे जाड, एकीकडे फाटका. बायका आधी हसायच्या, मग शिकवायला लागायच्या, आणि शिकवता शिकवता बोलायला लागायच्या. "हात कामात असले की तोंड मोकळं होते," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला ही छोट्या रुळांची गाडी चालू होती तेव्हा त्या बायकांच्या डब्यात मेथीच्या जुड्या घेऊन बसायच्या. गाडी इतकी हळू चालायची की लोक उतरून शेतातले हरभरे उपटून परत चढायचे. बाई म्हणायच्या, रेल्वेने आपल्याले अशी गाडी दिली, तिचा उपकार कसा फेडाचा. समोरच्या बाईला अर्धी जुडी द्यायच्या, अर्धी आपण निवडायच्या, आणि अचलपूर येईपर्यंत मेथी निवडून व्हायची आणि त्या बाईचा अख्खा संसार ऐकून व्हायचा. परवानगी मिळाली तरच त्या टेप चालू करायच्या.

शब्द नसणं त्यांना फार लागायचं. एकदा मला म्हणाल्या, कपाशीचं पाह्य, पाती म्हनतो, फूल म्हनतो, बोंड म्हनतो, किडकं निघालं तं कवडी म्हनतो. झाडाच्या दर अवस्थेले नाव हाय. आणि बाईच्या अंगाले? 'तिकडं'. दुखते कुठी? तिकडं. मी डॉक्टर, मले 'तिकडं'वरून रोग ओळखा लागते. हे बोलताना त्या हसत होत्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं, कारण त्याच आठवड्यात एक बाई 'तिकडं' सांगायच्या लाजेपायी फार उशिरा त्यांच्याकडे आली होती.

तेल्हाऱ्याच्या बाजूला एका म्हातारीला त्यांनी पापडांच्याच बैठकीत विचारलं होतं, की माय, नवऱ्यासंगं तुले काय आवडे? म्हातारीचं लाटणं थांबलं. पोळपाटाकडे पाहत ती म्हणाली, "बाई, हे मले आजपावतर कोनं इचारलंच नाही." नातवंडं अंगणात खेळत होती. बाई सांगायच्या, माहं सारं संशोधन त्या एका वाक्यात हाय, बाकीच्या कॅसेटा म्हंजे त्याचे दाखले.

तेव्हापासून त्यांनी विचारण्याचा ध्यासच घेतला. तपासायच्या टेबलावरच्या बाईला त्या आधी विचारायच्या, "हात लावू का?" मोठमोठ्या दवाखान्यांत ढकलल्या गेलेल्या बायका हे ऐकून गोंधळायच्या. एक जण तर रडायलाच लागली म्हणे. मांजर खुर्चीवर झोपलेलं असलं तर बाई त्यालाही विचारायच्या, उठतं का रे? ते उठायचं नाही, मग बाई स्टुलावर बसून पेशंट तपासायच्या. मी एकदा मांजराला उचलून बाजूला ठेवलं तर मला बह्याड म्हणाल्या, आणि ते प्रेमाचं नव्हतं.

आमच्या पुरवणीत त्यांचं सदर सुरू करायचं ठरलं तेव्हा संपादकांनी 'आरोग्यवाट' असं काहीतरी नाव काढलं होतं. बाईंनी ते हातानेच उडवून लावलं. त्यांचं नाव तयार होतं: तिले इचारलं का? नवरा आला आणि बायकोची तक्रार सांगू लागला की हाच प्रश्न त्या पहिल्यांदा टाकायच्या, म्हणून सदराचंही तेच नाव. आमचे मुद्रितशोधक गोगटे पुण्याहून आलेले, अत्यंत काटेकोर गृहस्थ. अंक निघाला तर वर ठळक अक्षरांत: 'तिला विचारलं का?' गोगट्यांनी चूक दुरुस्त केली होती.

बाई दुपारीच कार्यालयात आल्या. आम्हाला वाटलं गोगट्यांची आता खैर नाही. पण बाईंनी खुर्ची ओढली आणि शांतपणे विचारलं, घरी कोन कोन असते? गोगटे म्हणाले, पत्नी, आई. बाई म्हणाल्या, "'तिला' म्हटलं की पुस्तकातली बाई होते, गोगटे. तशा बाईले इचारून कोनाचं काय जाते? 'तिले' म्हटलं की घरातली येते. चुलीपाशी बसलेली. तिचंच नाव काढा लागते." पुढच्या अंकापासून 'तिले' छापलं गेलं. गोगट्यांनी त्याखाली तळटीप द्यायची परवानगी मागितली, ती मात्र मिळाली नाही. पुढे निवृत्तीच्या भाषणात गोगटे म्हणाले की त्या दिवशी घरी जाऊन मी पत्नीला विचारलं, आणि मग थांबले, आणि काय विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनी खाली मान घालून हसत होत्या.

सदराने खळबळ उडवली. कुणी अंक जाळले, कुणी मागचे अंक मागायला आले. बरेचदा तेच लोक. बाईंना शिव्यांचं काही वाटायचं नाही. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती आणि ती त्या मला पुन्हापुन्हा बोलून दाखवायच्या: लोक हे म्हनतील, वकिलाच्या, पन इचारनार नाही. हसतील आणि सोडून देतील. मंग माह्या सगळ्या बायांचं बोलणं वाया गेलं समज.

मूर्तिजापूरच्या एका जोडप्याची गोष्ट त्या फार खुलवून सांगायच्या. नवऱ्याची तक्रार, की हिचं माझ्यात मन नाही. बाईंनी प्रश्न टाकला. तो म्हणाला, आपलीच बायको, तिले काय इचाराचं? बाईंनी त्याला फर्मावलं, खाली टपरी आहे, तिच्यासाठी चहा घेऊन ये. तो उठला. बाई म्हणाल्या, साखर किती घेते ती? गडी उभाच. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला ते ठाऊक नव्हतं. मग लाजत, भिंतीकडे पाहत त्याने बायकोला विचारलं. तिने सांगितलं, मले चहा आवडतच नाही, तुमाले लागते म्हणून मी घेते. मले उसाचा रस पाह्यजे. तो भर उन्हात रसवंती शोधत गेला. घामाघूम होऊन दोन ग्लास घेऊन परतला तेव्हा बाईंनी त्यांना औषध सांगितलं: दररोज एक गोष्ट विचारायची, लहानात लहान, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मोठी गोष्ट आपोआप येते रांगेत. पुढच्या वर्षी ती दोघं तिळगूळ द्यायला आली होती.

मग ते गाणं आलं. अमरावतीच्या पवन नावाच्या एका गायकाने 'तिले इचारलं का रे भाऊ' असं धडधडतं गाणं बसवलं. चाल अशी की पाय थांबत नाहीत, आणि शब्द असे की आई पुन्हा गॅस बारीक करायला उठावी. लग्नसराईत प्रत्येक वरातीपुढे तेच. पोट्ट्यांनी त्यावर मोबाइलमध्ये नाचाचे तुकडे केले. दवाखान्याच्या रस्त्यावरून जाताना मुलं बायकांकडे पाहून ती ओळ गुणगुणायला लागली, आणि बाईंच्या बाकावरची गर्दी ओसरली. बुधवारी, ज्या दिवशी नुसतं बोलायला येणाऱ्या बायका बसायच्या, खोली रिकामी राहू लागली. त्या काळात मी बाईंना पहिल्यांदा थकलेलं पाहिलं. पाह्य, म्हनलं होतं ना, एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही सगळे तक्रार करा म्हणून मागे लागलो. बाईंनी पवनला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तो बिचारा पोलीस असतील या भीतीने दोन मित्र घेऊन आला. बाईंनी त्याला गाणं पूर्ण म्हणायला लावलं, टेबलावर ठेका धरला आणि म्हणाल्या की चाल उत्तम आहे, पण प्रश्न विचारला आणि तू लगेच नाचायला लागला. उत्तर कुठाय? तिचं कडवं घाल.

पवन म्हणाला, "पन बाई, ती काय म्हनते ते मले काय माहीत?"

 बाई नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मित्रांपैकी एकाला आधी समजलं, तो फिसकन हसला. मग पवनला समजलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. नुकतंच लग्न झालं होतं त्याचं.

महिनाभराने गाणं पुन्हा आलं, या वेळी शेवटचं कडवं त्याच्या बायकोच्या आवाजात होतं:

इचारलं तं सांगते राजा, बस जरासा खाली,
तुह्या घरात येऊन मी आज बोलती झाली.

खरं सांगायचं तर अजूनही जास्त वाजतं ते पहिलंच गाणं. पण हळदीच्या कार्यक्रमांत बायका दुसरं लावायला सांगतात, आणि 'बोलती झाली' आलं की साऱ्या जणी एका सुरात ओरडतात. बुधवारचा बाक हळूहळू पुन्हा भरला. एक नवी नवरी तर म्हणाली, मी गाण्यातलंच इचाराले आली. बाईंचं समाधान मात्र अर्धंच झालं होतं. बायका बोलू लागल्या, पण विचारणारा अजून भेटला नाही, म्हणायच्या. हसता हसता नाही, मनापासून विचारणारा.

पुढे वय झालं. गुडघा गेला, एकदा न्हाणीघरात घसरल्या. त्यांचा भाचा सुधीर अमरावतीला बँकेत आहे, मनाने फार सरळ आणि त्यांच्यावर जीव असलेला माणूस. आत्या म्हणायचा तो त्यांना. त्याने नवा फ्लॅट घेतला होता, लिफ्ट असलेला, आणि त्यात आत्याची खोली वेगळी केली होती, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते. अकोल्याच्या खोल्या सोडायचं ठरलं. सामान मागाहून टेम्पोने येणार होतं, आणि बाईंना रेल्वेने पोचवायचं काम त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, आनंदाने. मांजर शेजारणीकडे गेलं.

गाडीत बाई खिडकीला टेकून बसल्या. मूर्तिजापूरला शकुंतलेच्या बंद रुळांवर वाढलेलं गवत दिसलं तेव्हा फक्त म्हणाल्या, इथं बाया लय बोलायच्या. बडनेऱ्याला उतरलो. मी ऑटो ठरवला. त्याच्या पाठीवर गुलाबाच्या दोन फुलांच्या मध्ये लाल अक्षरांत तेच लिहिलं होतं. बाई काठी टेकून ते वाचत उभ्या राहिल्या, मग आत बसल्या.

ऑटोवाला पन्नाशीचा, बोलका होता. पाहुण्या का, म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं की नाही, आता इथेच राहणार, भाच्याकडे. अकोल्याचं बिऱ्हाड बंद केलं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, एकटं राहण्याचं वय नाही आता. मी बरंच बोललो. त्याने ऑटो कडेला घेत आरशातून मागे पाहिलं.

"ते समदं बराबर हाय साहेब," तो म्हणाला. "पन बाईले इचारलं का?"

तो हसत नव्हता. गाण्याच्या चालीत म्हणाला नव्हता. बडनेरा रोडवर, रहदारीत, त्याला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं, आणि आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

बाई पुढे सरकल्या. दांडीला धरून त्यांनी त्याला सावकाश विचारलं, "हे तू कोनापासून शिकला, भाऊ?"

"शिकाचं काय त्याच्यात? जुनी म्हन हाय आपल्या इकडची. माही आजी म्हने."

"गाव कोनतं तुहं?"

"नांदगाव खंडेश्वर."

मी सांगायला तोंड उघडलं, की अरे बाबा, तुझ्या मागे तुझ्याच गावाकडचं कोण बसलंय ठाऊक आहे का? बाईंनी माझा हात घट्ट दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसू दाबत होते. "चांगली म्हन हाय," त्या म्हणाल्या. "जुनी दिसते."

"तं मंग सांगा बाई, कुठी घेऊ?"

"स्टेशनवर फिरव," बाई म्हणाल्या. "बुधवारी बाया येतात माह्याकडे."

त्याने ऑटो वळवला. स्टेशनवर मी त्यांना बायकांच्या डब्यात बसवलं. सोबत येऊ का, असं विचारलं तर त्यांचा चेहरा फुलला. "इचारलं रे बह्याडा," म्हणाल्या. "नको येऊ. तू सुधीरकडे जाय. त्याले सांग आत्या रागावली नाही, दांडे अकोल्याच्या न्हाणीघरात बसवून दे म्हना. आणि शेजारनीले फोन लाव, मांजर आणून ठेव म्हना." सुधीरने दांडे पुढच्याच आठवड्यात बसवले, आणि शेवटपर्यंत बाईंचे बुधवार चुकले नाहीत. मी लवकरच बाहेरगावी राहायला गेलो, मग आमचं फोनवरच बोलणं व्हायचं. भेट ही शेवटची.

मी फलाटावर उभा होतो. बाईंच्या शेजारी एक तरुण बाई मेथी निवडत बसली होती. बाईंनी तिला काहीतरी विचारलं. तिने एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मान हलवली आणि अर्धी जुडी त्यांच्या ओटीत टाकली. गाडी हलली तेव्हा बाईंची बोटं मेथीत होती, मान तिच्याकडे कलली होती, आणि ती बाई बोलायला लागली होती. मला हात करायला बाई विसरल्या.